गावच्या देवीला जाताना: कोकणातल्या ग्रामदेवतेच्या दर्शनाची रीत

मुंबई-पुण्यात वाढलेल्या कोकणी घरांतल्या मुलांना कुलदैवत बहुधा ठाऊक असते. लग्नानंतर एकदा तरी तिथे जाणे झालेले असते. पण ‘तुझ्या गावची ग्रामदेवता कोण?’ असे विचारले की लगेच आईला नाहीतर आत्याला फोन लागतो. गणपतीत किंवा मे महिन्यात गावी गेल्यावर घरातले कोणीतरी म्हणते, ‘चला, देवीला जाऊन येऊ,’ आणि सगळे गाडीत बसतात. देवळात पोचल्यावर मात्र काय न्यायचे होते, कोणाला सांगायचे होते, कुठे उभे राहायचे होते, यातले काहीच माहीत नसते. हे सगळे सांगणारी आजी-आजोबांची पिढी घराघरांतून कमी होत चालली आहे. म्हणून ही रीत पहिल्यापासून लिहून काढते आहे. प्रत्येक गावची रहाटी, म्हणजे देवकार्याची वहिवाट, वेगळी असते. त्यामुळे इथे जे लिहिले आहे त्यावर शेवटचा शब्द तुमच्या गावच्या गुरवांचा आणि मानकऱ्यांचा.

आधी देवी कोणती, ते नक्की करा

कुलदेवता कुळाबरोबर चालते. तुमचे कूळ चार गावे फिरले तरी ती बदलत नाही. ग्रामदेवता जमिनीशी बांधलेली असते. त्या गावच्या शिवेत जो राहतो, नांगर धरतो, घर बांधतो, त्या प्रत्येकाची ती. आडनाव, जात, कूळ कोणतेही असो. गावात नव्याने जागा घेऊन घर बांधणारी माणसेही पायाभरणीआधी तिला नारळ ठेवतात, ते याच समजुतीने की जागा तिची आहे आणि आपण तिच्या परवानगीने राहतो.

सिंधुदुर्गात सातेरी, माउली, भराडी, पावणाई, भगवती ही नावे भेटतील. रत्नागिरीत वाघजाई, काळकाई, जाखमाता, नवलाई, चंडिका. आडिवऱ्याची महाकाली, खेडजवळच्या भरण्याची काळकाई, सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीची माउली, श्रीवर्धनची सोमजाई ही गावे देवीच्या नावानेच ओळखली जातात. देवीच्या सोबतीला बहुतेक ठिकाणी रवळनाथ, भैरी, केदारलिंग किंवा गांगो असतो. काही गावांत मुख्य मान त्याचा आणि देवी त्याच्या शेजारी, तर काही गावांत याच्या उलट.

मूर्तीची अपेक्षा धरून जाऊ नका. ढाल-तलवार घेतलेली काळ्या पाषाणातली देवी अनेक ठिकाणी दिसेल, पण सातेरी मूळची वारुळाच्या रूपात पुजली जाते. काही देवळांत आजही गाभाऱ्यात मातीचे वारूळच आहे आणि त्यालाच साडी नेसवलेली असते. आणखी काही ठिकाणी नुसता शेंदूर फासलेला, घडण नसलेला पाषाण. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे गाभाऱ्यासमोर ‘देवी कुठे आहे?’ असा मोठ्याने प्रश्न येणार नाही.

देवी शोधताना वाडी आणि गाव यांत गल्लत होते. तुमच्या वाडीत एखादे छोटे घुमटीवजा देऊळ असेल, तिथे दरवर्षी पूजा होत असेल, पण ते वाडीचे स्थान. गावची देवी सगळ्या वाड्यांची मिळून एक. सातबारावर गावाचे जे नाव आहे ते सांगून ‘या गावची ग्रामदेवता कुठली?’ असे विचारले की नेमके उत्तर मिळते. जुनी मोठी गावे पुढे विभागली गेली आहेत. तिथे दोन महसुली गावांची मिळून एकच देवी असू शकते.

जाण्याचा दिवस

मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार. या दिवशी पूजा थोडी मोठी असते आणि गुरव हमखास भेटतात, पण गर्दीही असते. पहिल्यांदा जात असाल, निवांत बोलायचे असेल, तर बाकीच्या एखाद्या दिवशी सकाळी जा. सकाळची पूजा आटोपली की नऊ ते अकरा हा वेळ सर्वांत चांगला. दुपारी बहुतेक देवळांना कुलूप असते. संध्याकाळी दिवाबत्तीपुरते पुन्हा उघडते.

घरात सुतक किंवा सोयर असेल तर ते फिटेपर्यंत थांबा. गावात याबाबत सगळे कडक असतात. तुमचा विश्वास असो वा नसो, गुरवांना अडचणीत टाकू नये. स्त्रियांच्या अडचणीच्या दिवसांबद्दल, गाभाऱ्यात कोणी जायचे याबद्दल प्रत्येक गावचे नियम निरनिराळे आहेत. काही देवळांत गाभाऱ्यात फक्त गुरव जातात, काही ठिकाणी सगळे आतपर्यंत जातात. सभामंडपात थांबून विचारावे आणि सांगितले तेवढे पुढे जावे.

एक गोष्ट आधी चौकशी करून घ्या. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यासारख्या काही गावांत काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. ग्रामदैवताचा कौल, म्हणजे होकार, झाला की सगळे गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत जाऊन राहते. त्या दिवसांत गावात कोणी नसते आणि कोणी येऊही नये अशी रीत आहे.

गुरवांना आधी कळवा

हे काम नव्वद टक्के लोक करत नाहीत, आणि सगळा घोळ इथेच होतो. गावची देवी म्हणजे सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत उघडे असलेले शहरी देवस्थान नव्हे. गुरवांना पूर्वी देवाच्या इनाम जमिनीवर पोटाला मिळत असे. आता बहुतेक गुरवांच्या घरातले कोणी नोकरीला, कोणी रिक्षावर, कोणी आंबा-काजूच्या बागेत असते. सकाळची पूजा करून ते आपापल्या कामाला जातात. दहा माणसे अचानक दुपारी दोनला येऊन उभी राहिली तर त्यांना शेतातून धावत यावे लागते.

म्हणून आदल्या दिवशी फोन करा, किंवा वाडीतल्या कोणाकरवी निरोप धाडा. फोनवर तीन गोष्टी सांगा: कोणाच्या घरचे आहात, किती माणसे येणार, आणि नुसते दर्शन आहे की ओटी, गाऱ्हाणे, कौल यांपैकी काही करायचे आहे. पहिली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. गावात तुमचे नाव, हुद्दा, कंपनी यांना अर्थ नसतो. ‘तू कोणाचो?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर आजोबांच्या नावाने, वाडीने आणि घराच्या खुणेने द्यायचे असते. ‘भाटातल्या दत्तू आबांचो नातू’ एवढे सांगितले की पुढचे सगळे सुरळीत होते.

सिंधुदुर्गात काही ठिकाणी पूजा गुरवांकडे आणि गाऱ्हाणे घाड्यांकडे असते. राऊळ, परब, गावकर यांचे वेगवेगळे मान असतात. या सगळ्या मांडणीला बारा-पाच म्हणतात. कोणाचा मान काय, हे त्या गावात पिढ्यान्पिढ्या ठरलेले असते आणि त्यावरून कोर्टकज्जेही झाले आहेत. पाहुण्याने त्यात पडू नये. गुरवांना ‘काका’ म्हणा. वयाने लहान असले तरी ‘अहो’ म्हणा.

ओटीचे सामान

शक्य तेवढे सामान गावच्या बाजारातूनच घ्या. शहरातून प्लास्टिकच्या वेष्टनात बांधलेली तयार ओटी आणण्यापेक्षा ते बरे. साधारण इतके लागते:

– नारळ, शेंडी ठेवलेला. एक ओटीला, एक देवापुढे ठेवायला, एक वेशीवरच्या राखणदाराला. गावात आणखी स्थाने असतील तर तेवढे जास्त.
– खण किंवा साडी. सुती किंवा साधी काठाची साडी पुरते.
– तांदूळ, पाच मुठी. अक्षत, तुटलेले नकोत.
– हळद-कुंकू, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, विड्याची पाने, हिरव्या बांगड्या.
– पाच फळे किंवा घरच्या बागेतले जे असेल ते.
– तेल, वाती, उदबत्ती, कापूर. तेल थोडे जास्तच न्या.
– सुटे पैसे.

फुलांचे वेगळे सांगते. देवीला कोकणातले फूल वाहण्यात जे समाधान आहे ते शहरातून आणलेल्या गुलाबांच्या हारात नाही. अबोलीची वेणी, सोनचाफा, परसातली जास्वंद यांतले काही ना काही वर्षभर मिळते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास दक्षिण कोकणात गेलात तर सुरंगीचा वळेसार मिळेल. वेंगुर्ले तालुक्यातले आसोली गाव सुरंगीसाठीच ओळखले जाते. पहाटे काढलेल्या कळ्यांचे हे गजरे सकाळीच विकायला येतात, आणि त्यांचा वास देवळात शिरताच भरून राहतो. उन्हं चढण्याआधी घेतलात तरच तो ताजा.

साडीबद्दल एक मनापासूनची विनंती. गावच्या देवीला नवसाच्या साड्या इतक्या येतात की देवस्थानाला त्या ठेवायला जागा नसते. बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा त्यांचा लिलाव होतो किंवा गरजू बायकांना वाटप होते. त्यामुळे कोणीतरी रोज नेसेल अशी साडी द्या.

देवळात शिरल्यावर

जुनी देवळे जांभ्या चिऱ्याची, उतरत्या कौलांची असतात. बाहेर दीपमाळ आणि तुळशी वृंदावन, मग सभामंडप, त्यात कोरीव लाकडी खांब, पुढे चौक आणि गाभारा. विहिरीवर किंवा नळावर पाय धुवून चपला पायऱ्यांच्या बाहेरच काढा. कातड्याचा पट्टा आणि पाकीट काही गावांत सभामंडपातही चालत नाही. घंटा एकदाच वाजवा. मुलांना घंटेशी खेळू देऊ नका. ती गावात आरतीची आणि संकटाची खूण असते.

दर्शनाचा क्रम गावागणिक बदलतो. काही ठिकाणी आधी बाहेरच्या परिवार देवतांना नमस्कार करून मग मुख्य देवीकडे जातात, काही ठिकाणी उलट. गुरवांच्या मागून चाला, म्हणजे चूक होत नाही. समयांना पदर लागणार नाही इतके अंतर ठेवा. दाभोळची चंडिका भुयारासारख्या जागेत आहे आणि आत समयांच्याच उजेडात जायचे असते. अशा जागी मोबाइलचा दिवा लावून आत शिरणे बरे दिसत नाही. डोळे थोड्या वेळात अंधाराला सरावतात.

ओटी भरताना घरातली सर्वांत वडील सवाष्ण पुढे होते. सुनेची पहिलीच वेळ असेल तर तिला पुढे करतात. विधवा स्त्रियांनी ओटी भरू नये, असे अजून पुष्कळ ठिकाणी म्हणतात. मला ते पटत नाही, आणि आता कितीतरी गावांत गुरव स्वतः ‘या काकू, भरा’ म्हणतात. तुमच्या घरात तशी कोणी असेल तर गुरवांशी आधीच फोनवर बोलून घ्या, म्हणजे देवळात तिला कोणासमोर मागे सरावे लागणार नाही. खण किंवा साडीवर तांदूळ, त्यावर शेंडी देवीकडे करून नारळ आणि बाकीचे सामान ठेवायचे, दोन्ही ओंजळीत ते छातीशी धरून नमस्कार करायचा आणि गुरवांच्या हातात द्यायचे. गुरव ते देवीच्या पायाशी लावतात आणि त्यातले थोडे तांदूळ, कधी नारळ, परत तुमच्या पदरात घालतात. पदर नसेल तर ओढणी किंवा रुमाल पसरा. हे तांदूळ घरच्या तांदळाच्या डब्यात मिसळतात.

गाऱ्हाणे

दर्शन झाले, ओटी भरली, की पुष्कळ शहरी माणसे निघतात, आणि या सगळ्याचे मर्म तिथेच राहून जाते. गाऱ्हाणे म्हणजे गावच्या देवीपुढे तुमची गोष्ट गावच्या माणसाने तुमच्या वतीने मांडणे. सत्यनारायणासारखी त्याची पोथी नसते. गुरव किंवा घाडी देवीपुढे उभे राहतात, हातात नारळ घेतात, आणि आधी सगळ्या देवतांची नावे घेतात. सिंधुदुर्गात ते साधारण असे कानावर पडते:

‘बा देवी माउली, बा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वेशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा…’

‘व्हय म्हाराजा!’ असा सगळ्यांनी मिळून हुंकार द्यायचा.

‘आज ही तुझी लेकरां मुंबयसून येवन तुझ्या पायाकडे उभी रवली हत…’

‘व्हय म्हाराजा!’

मग तुम्ही कोण, कोणाच्या घरचे, कशासाठी आलात, काय मागणे आहे, आणि शेवटी ‘चुकला माकला पोटात घाल, लेकराबाळांची इडापिडा टाळ, जसो हसत इलो तसो हसत घरा पोचव’. प्रत्येक वाक्यामागून ‘व्हय म्हाराजा’. रत्नागिरीकडे बोली वेगळी, ‘होय महाराजा’ म्हणतात.

इथे तुमचे काम दोन गोष्टींचे. पहिले, गुरवांना आधीच नीट सांगा. मुलीला दहावीला चांगले मार्क मिळाले, नवीन घर घेतले, वडिलांचे ऑपरेशन आहे, जे असेल ते स्पष्ट सांगा. त्यांना ते देवीसमोर बोलायचे असते. लाजून ‘काही नाही, सगळ्यांना सुखी ठेव’ एवढेच सांगितले तर गाऱ्हाणेही तेवढेच होते. दुसरे, हुंकार मोकळ्या गळ्याने द्या. तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका. सगळे घर एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणते तेव्हा आजोबांचे नाव गाभाऱ्यात घुमते, आणि पहिल्यांदा गावी आलेल्या नातवालाही कळते की आपले नाव इथे कोणीतरी जपून ठेवले आहे. मुलांना गाऱ्हाण्यासाठी मुद्दाम पुढे उभे करा.

कौल

कौल ही गाऱ्हाण्याच्या पुढची पायरी. दरवेळी लागत नाही आणि गंमत म्हणून लावू नये. घरात एखादा निर्णय अडला आहे, जमिनीचा वाद आहे, जुना नवस राहून गेला आहे अशी शंका आहे, तेव्हा कौल मागतात.

पाण्यात भिजवलेले तांदळाचे दाणे किंवा फुलांच्या कळ्या, पाकळ्या गुरव देवीच्या पाषाणावर ठरलेल्या जागी, उजव्या आणि डाव्या बाजूला चिकटवतात. याला कळे लावणे, प्रसाद लावणे असेही म्हणतात. मग प्रश्न मांडतात आणि वाट पाहतात. पाणी सुकत जाते तशी एखादी पाकळी हलते, सुटते, खाली येते. उजवीकडची आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार. डावीकडची पडली तर नकार किंवा ‘थांबा’. दोन्ही राहिल्या तर प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारतात. कधी पाच मिनिटांत होते, कधी तास जातो. त्या वेळात मोबाइल बंद, बोलणे बंद.

प्रश्न विचारताना तो एकच आणि हो-नाही असा नेमका असावा. ‘घराचे काम चैत्रात सुरू करू का?’ हा कौलाचा प्रश्न. ‘आमचे नशीब कधी उघडेल?’ हा नव्हे. एकदा उजवा मिळाला की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नसतो. आजारपणात कौल मागितला तरी औषध बंद करायचे नाही. गावचे शहाणे गुरव स्वतःच सांगतात की डॉक्टरकडे जा, आम्ही इथे देवीला सांगतो.

कौलाला गाव किती मानते, याचे मोठे उदाहरण आंगणेवाडीची भराडी देवी. तिथल्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते. शिकारीचा विधी होऊन देवीचा कौल मिळाल्यावरच ती जाहीर होते. लाखो माणसे आणि रेल्वेच्या जादा गाड्या त्या एका कौलाची वाट पाहत असतात. तिथे आंगणे कुटुंबातल्या स्त्रिया देवीचा नैवेद्य अजिबात न बोलता रांधतात, हेही जाणून घ्यावे.

नवस आणि राखण

नवस बोलताना तो फेडता येईल असाच बोला. ‘मुलगा झाला तर दरवर्षी जत्रेला येईन’ असे बोललेले नवस पुढच्या पिढीवर ओझे होऊन बसतात, आणि तीस वर्षांनी कोणीतरी ‘तुमचा नवस राहिला आहे’ म्हणून घाबरवते. एकदाच नारळ, एकदाच ओटी, एक घंटा, एक समई असा नवस बरा. घरात कोणाचा नवस राहिला आहे का, हे वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवा.

वेशीवरचा राखणदार, वेताळ, चव्हाटा यांना वर्षाची राखण द्यायची पद्धत आहे. काही घरी कोंबडा देतात, काही नारळावर भागवतात. घरात ज्यांना प्राण्याचा बळी नको असेल त्यांनी तसे गाऱ्हाण्यात सांगून नारळ ठेवावा. गावे ते मान्य करतात.

देवराई

देवळाभोवती दाट झाडी असेल तर ती बहुधा देवराई. वड, किंजळ, बेहडा, सातवीण, मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, आणि नशीब असेल तर वर धनेशाच्या पंखांचा आवाज. इथली काडीही घरी न्यायची नाही, पडलेले फळही नाही. देवीचा हा दंडक इतका कडक पाळला गेला म्हणूनच आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी हे तुकडे राहिले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांची नोंद केली, तेव्हा शहरी अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले. गावाला मात्र त्या आधीच माहीत होत्या.

प्लास्टिकच्या पिशव्या, उदबत्तीची रिकामी पाकिटे, कापराच्या डब्या आपल्या पिशवीत परत न्या. देवळामागच्या उतारावर हा कचरा साचलेला दिसतो, आणि तो टाकणारे बहुतेक आपल्यासारखे बाहेरून आलेलेच असतात.

शिमगा आणि जत्रा

वर्षात एकदाच जाणे जमत असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातल्यांनी शिमग्याला जावे. त्या वेळी देवीचे रूपे, म्हणजे मुखवटे, लागलेली पालखी देवळातून बाहेर पडते, सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते आणि घरोघर येते. एरवी आपण तिच्याकडे जातो, शिमग्यात ती आपल्या अंगणात उतरते. अंगण सारवून, रांगोळी घालून, ओटी तयार ठेवा. घर बंद असेल तर निदान त्या दिवशी कोणीतरी येऊन दार उघडा. पालखी बंद दारावरून पुढे गेली याची खंत गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वर्षभर राहते. चिपळूणजवळ गोवळकोटच्या करंजेश्वरीच्या शिमग्यात पालखी जमिनीत पुरलेले नारळ शोधते, त्याला शेरणे काढणे म्हणतात. ते बघायला दुरून माणसे येतात.

तारीख विचारून घ्या. काही गावांचे शिमगे तेरसे, म्हणजे त्रयोदशीला होम लागणारे, तर काहींचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेचे. कॅलेंडरवरची होळी बघून सुटी काढलीत तर तुमच्या गावचा होम झालेलाही असेल. पालखी आपल्या घरी कोणत्या दिवशी येणार, हेही गावकीकडून कळते.

सिंधुदुर्गात दसऱ्याला देवाची तरंगे बाहेर पडतात. उंच खांबांना लुगडी नेसवलेली असतात, ढोल वाजत असतात, कोणाच्या अंगात अवसर येतो. त्याचे चित्रण करायचे तर आधी परवानगी घ्या, आणि अवसर आलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे तर करूच नका. तो शेजारच्या वाडीतला माणूस असतो, दुसऱ्या दिवशी त्याला बाजारात जायचे असते.

कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. दिवसभर ओट्या, माहेरवाशिणींची रीघ, रात्री पालखीची प्रदक्षिणा आणि मग पहाटेपर्यंत दशावतार. शेवटी दहीकाला. सोनुर्लीच्या माउलीच्या जत्रेत नवसाची लोटांगणे घालतात. कोणी लोटांगण घालत असेल तर वाट मोकळी द्या. परतताना आल्याचा आणि गुळाचा पाक चढवलेले मालवणी खाजे घ्यायला विसरू नका. जत्रेत दुकान मांडणाऱ्यांचे वर्ष या हंगामावर चालते.

पैसे, आणि जीर्णोद्धाराची वर्गणी

दक्षिणा गुरवांच्या हातात, देणगी पावतीवर. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सिंधुदुर्गातली अनेक देवळे पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत, इतर ठिकाणी गावचा ट्रस्ट किंवा उपसमिती असते. कोणाकडे पावतीपुस्तक आहे, ते विचारा. वर्षभराचे दिव्याचे तेल किंवा एका दिवसाच्या पूजेचा खर्च देता येतो का, तेही विचारा. रोजची दिवाबत्ती ही गुरवांची सर्वांत जुनी चिंता आहे.

जीर्णोद्धारासाठी चाकरमान्यांकडून मोठ्या रकमा मागतात आणि आपण त्या आनंदाने देतो. पण देताना एक प्रश्न जरूर विचारा: जुन्या लाकडी खांबांचे आणि कोरीव तुळयांचे काय होणार? गेल्या काही वर्षांत चांगली उभी असलेली कौलारू देवळे पाडून त्या जागी सिमेंटचे शिखर आणि चकचकीत टाइल्स आल्या. सागवानी, फणसाचे खांब विकले गेले. कौले बदलून, वाळवी लागलेले वासे तेवढे काढून, छप्पर नीट करून हेच देऊळ आणखी शंभर वर्षे उभे राहू शकते आणि उन्हाळ्यात आत गारही राहते. वर्गणी देणाऱ्याचे मत गावकी ऐकते. बैठकीला हजर राहून किंवा पत्र लिहून ते सांगा. जुने देऊळ पडल्यावर बोलून उपयोग नसतो.

पोचायचे कसे

कोकण रेल्वे १९९८मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही स्थानके सोयीची झाली. पण देवळे बहुधा स्थानकापासून लांब, आतल्या रस्त्यावर असतात. एसटीची गावात जाणारी गाडी दिवसातून दोन-तीनदाच असते. परतीची शेवटची गाडी कितीची आहे, हे उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा. रिक्षा केलीत तर जाऊन-येऊन आणि थांबण्याचे मिळून ठरवा, कारण गाऱ्हाण्याला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. पावसाळ्यात रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि वहाळाला पाणी आले की देवळाकडचा साकव, म्हणजे छोटा पूल, बंद होतो. मालवण तालुक्यातल्या बिळवसच्या सातेरीचे देऊळ तर पाण्यातच उभे आहे. जून ते सप्टेंबर जायचे असेल तर निघण्याआधी सकाळी गुरवांना पुन्हा एक फोन करून पाण्याचा अंदाज घ्या.